मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेचा पट का घटतो आणि घटला की नेमकं काय होतं?

जून उजाडला की तालुक्याच्या गावात एकच चर्चा सुरू होते. "सरकारी शाळेत आता काही राहिलं नाही, पोरं कुठायत तिथं?" असं एकजण म्हणतो. दुसरा म्हणतो, "पोरं नाहीत म्हणून मास्तर नाहीत, मास्तर नाहीत म्हणून शिक्षण नाही." दोघंही खरं बोलतात. पण पट, शिक्षक आणि गुणवत्ता ही साखळी नेमकी कशी चालते, तिची कडी कुठं तुटते आणि ती जोडणं कुणाच्या हातात आहे, हे फारसं कुणी समजावून सांगत नाही. आम्ही शिक्षक मंडळी हे रोज बघतो. म्हणून या लेखात ते सरळ, कागद समोर ठेवून मांडायचं ठरवलं.

बोलतोय ते यावल, रावेर, बाळापूर, पातूर, मंगरूळपीर, उमरखेड, कंधार अशा गावांबद्दल. म्हणजे मालेगाव-भिवंडीसारखं मोठं शहर नाही आणि अगदी खेडंही नाही. अशा गावात साधारण तीन प्रकारच्या उर्दू शाळा असतात. एक जिल्हा परिषदेची, दुसरी नगरपरिषदेची आणि तिसरी एखाद्या संस्थेची अनुदानित. पहिल्या दोन पूर्णपणे सरकारी. तिसरीत पगार सरकारचा, कारभार संस्थेचा. हा लेख मुख्यतः पहिल्या दोघींबद्दल आहे, कारण गरिबाच्या मुलाला घराजवळ फी न भरता शिकायची सोय तिथंच आहे.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. मुसलमानांची मुलं मदरशात जातात म्हणून शाळा रिकाम्या पडतात, असं आजही बोललं जातं. सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. त्यात शाळेत जाणाऱ्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात पूर्णवेळ शिकणाऱ्यांचं प्रमाण जेमतेम चार टक्के असल्याचं दिसलं. जवळपास दोन तृतीयांश मुलं सरकारी शाळेत होती. म्हणजे आपल्या समाजाचं शिक्षण सुधारायचं तर सर्वात मोठा दरवाजा सरकारी शाळेचाच आहे. तोच बंद पडत असेल तर चिंता सगळ्यांनी करायला हवी.

पट एक नसतो, तीन असतात

पालकांना वाटतं, शाळेत नाव घातलं म्हणजे मूल पटावर आलं. प्रत्यक्षात शाळेत तीन वेगवेगळे आकडे फिरत असतात.

पहिला आकडा जनरल रजिस्टरचा. दाखल केलेल्या प्रत्येक मुलाचं नाव त्यात चढतं. दुसरा आकडा हजेरीचा, म्हणजे आज वर्गात किती मुलं बसली आहेत. तिसरा आकडा ऑनलाइन नोंदीचा. केंद्राच्या यूडायस प्लसमध्ये शाळेची माहिती दरवर्षी ३० सप्टेंबर ही तारीख धरून भरली जाते आणि २०२२-२३ पासून ती प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावानिशी भरावी लागते. राज्यात शिक्षकांची पदं ठरवणारी 'संचमान्यता'ही सप्टेंबरअखेरच्या ऑनलाइन पटावर होते आणि त्यासाठी मुलाचं आधार 'व्हॅलिड' असणं बघितलं जातं.

इतकी कडक तपासणी का आली, तेही समजून घ्यायला हवं. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. कागदावरची मुलं आणि वर्गातली मुलं यात प्रचंड तफावत निघाली. खोट्या पटावर पदं, अनुदान आणि पोषण आहाराचा तांदूळ उचलला जात होता. त्यानंतर सरकारचा रजिस्टरवरचा भरवसा उडाला आणि आधारची अट आली. चोर कुणीही असो, भुर्दंड मात्र खरी मुलं शिकवणाऱ्या शाळांनाही बसला.

आपल्या मोहल्ल्यातल्या शाळांना हा भुर्दंड जरा जास्त बसतो, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. ते म्हणजे नाव. शाळेच्या रजिस्टरमध्ये 'शेख आयेशा सलीम' असतं, आधारवर 'आयेशा सलीम शेख'. एका कागदावर 'मोहम्मद', दुसऱ्यावर 'मो.', तिसऱ्यावर 'मोहंमद'. फातेमा की फातिमा, सय्यद की सैयद, नुसतं 'खान' की 'पठाण'? उर्दूतलं नाव देवनागरीत आणि तिथून रोमन लिपीत जाताना प्रत्येक टेबलावर वेगळं होतं. त्यात जन्मतारखेचा घोळ. आधार काढताना अंदाजानं सांगितलेली तारीख आणि नगरपरिषदेच्या दाखल्यावरची तारीख जुळत नाही. नाव, जन्मतारीख, लिंग यांपैकी एक जरी चुकलं तरी संगणक आधार 'इनव्हॅलिड' दाखवतो.

मग काय होतं? मूल रोज शाळेत येतं, वर्गात बसून धडे वाचतं. पण शिक्षकांची पदं मोजताना ते मोजलं जात नाही. म्हणजे पटावर आहे, पण गणतीत नाही.

पटावरून शिक्षक कसे ठरतात

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आपण त्याला आरटीई म्हणतो. खासगी शाळेतल्या २५ टक्के प्रवेशामुळे तो सगळ्यांना माहीत आहे, पण त्याची खरी ताकद शेवटी जोडलेल्या अनुसूचीत आहे. पहिली ते पाचवीसाठी तिथं सरळ हिशेब दिला आहे. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, १२१ ते २०० ला पाच. मुलं १५० च्या वर गेली की मुख्याध्यापक वेगळा. सहावी ते आठवीसाठी दर वर्गाला किमान एक शिक्षक, ३५ मुलांमागे एक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं व भाषा यांसाठी निदान एकेक शिक्षक असला पाहिजे.

आता उदाहरण म्हणून एक शाळा घेऊ. पहिली ते पाचवीत ६४ मुलं आहेत. कायद्याच्या हिशेबानं तीन शिक्षक. त्यातल्या सहा मुलांचं आधार जुळलं नाही, म्हणजे गणतीत राहिली ५८. आता शिक्षक दोन. तिसरा 'अतिरिक्त' ठरतो आणि त्याचं समायोजन दुसऱ्या शाळेत होतं. सहा मुलांच्या नावातल्या काना-मात्रेपायी ६४ मुलांचा एक शिक्षक गेला.

दोन शिक्षक आणि पाच वर्ग म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी-पाचवी. त्यातला एकजण प्रभारी मुख्याध्यापक. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, केंद्रावरची बैठक, पंचायत समितीचे फेरे हे सगळं त्याच्याकडे. तो बाहेर गेला की पाच वर्ग एका माणसावर. त्यात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही तीन कामं तर कायद्यानंच शिक्षकांकडून करून घेता येतात. अशा दिवशी शिकवणं म्हणजे मुलांना शांत बसवणं, एवढंच उरतं.

राज्य सरकारनं १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं संचमान्यतेचे निकष बदलले, तेव्हा कमी पटाच्या शाळांत पदं आणखी घटतील म्हणून शिक्षक संघटनांनी जोरदार विरोध केला. त्याआधी २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी मुलांच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करायचा विचार पुढं आला होता. राज्यात अशा जवळपास १५ हजार शाळा असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. निकष काहीही ठरोत, दिशा एकच आहे. पट कमी झाला की शाळेचं अस्तित्व धोक्यात येतं.

उर्दू माध्यमाला इथं आणखी एक अडचण आहे. पद मंजूर असूनही ते भरलं जात नाही. शिक्षक भरती बिंदुनामावलीप्रमाणं होते. अनुसूचित जाती-जमातीच्या राखीव जागांसाठी उर्दू माध्यमातून शिकलेले उमेदवार फारच कमी मिळतात, म्हणून त्या जागा भरतीमागून भरती रिकाम्या राहतात. आरक्षणाच्या विरोधात आमचं काही म्हणणं नाही, ते घटनेनं दिलेलं आहे. पण जागा रिकामी राहिली तर नुकसान पहिलीतल्या मुलाचं होतं. तिच्यासाठी तात्पुरती सोय करणं प्रशासनाला अशक्य नाही. आरटीईच्या कलम २६ प्रमाणं शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून जास्त असता कामा नयेत. दोन-तीन शिक्षकांच्या शाळेत एक जागा जरी रिकामी राहिली तरी ही मर्यादा कधीच ओलांडली जाते.

मग मुलं जातात कुठं?

पट घटण्याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत. सगळा दोष शिक्षकांवर किंवा सगळा पालकांवर टाकून काही कळत नाही.

पहिलं कारण म्हणजे मुलंच कमी जन्माला येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १९९२-९३ मध्ये देशातल्या मुस्लिम समाजाचा प्रजनन दर ४.४ होता. २०१९-२१ मध्ये तो सुमारे २.४ वर आला. आपल्याबद्दल वर्षानुवर्षं जे बोललं जातं त्याच्या अगदी उलट चित्र आहे. घरात पाचाऐवजी दोन मुलं असतील तर पहिलीचा वर्गही तेवढाच लहान होणार. ही काही वाईट गोष्ट नाही. घरात मुलं कमी असली की आई-बाप प्रत्येकावर जास्त खर्च करायला तयार होतात.

तिथून दुसरं कारण सुरू होतं, ते इंग्रजीचं. गॅरेजवाला असो, फळविक्रेता असो की ट्रकचा ड्रायव्हर, प्रत्येकाला वाटतं आपल्या मुलानं इंग्रजी बोलावं. त्यात चूक काहीच नाही. पिवळी बस दारात येते, टाय-बूट असतात, डायरी मिळते. पण शाळा निवडताना बघायचं ते हे की तिसरीतलं मूल स्वतःहून एक परिच्छेद वाचून त्याचा अर्थ सांगतं का. पाठ केलेल्या इंग्रजी कविता म्हणजे इंग्रजी येणं नव्हे. आणि फी थकली की पाचवी-सहावीत तेच मूल पुन्हा उर्दू शाळेत येतं. तोवर त्याला ना अलिफ-बे नीट येत, ना इंग्रजी वाचता येत. अशी मुलं आम्ही दरवर्षी वर्गात घेतो आणि त्यांना पहिलीपासून सुरुवात करून देतो.

तिसरं कारण पोटापाण्याचं. वीटभट्टी, ऊसतोड, बांधकाम यांच्यासाठी घरं दिवाळीनंतर हलतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मूल जूनमध्ये पटावर असतं, जानेवारीत गावातच नसतं. अशा मुलांसाठी 'शिक्षण हमी कार्ड'ची सोय आहे, म्हणजे ते जिथं जाईल तिथल्या शाळेत बसू शकतं. पण गाव सोडताना कार्ड मागून घेणारे पालक थोडेच.

चौथं कारण सर्वात कमी बोललं जातं. अनेक उर्दू शाळा चौथीला किंवा सातवीला संपतात. पुढं गावात उर्दू हायस्कूल नसेल तर मुलगा मराठी शाळेत जातो किंवा कामाला लागतो आणि मुलगी घरी बसते. पालक हे आधीच ओळखून असतात. "पुढं उर्दू नाहीच तर पहिलीत तरी कशाला घालायचं?" हा त्यांचा प्रश्न अगदी व्यवहारी आहे. म्हणजे आठवीचा नसलेला वर्ग पहिलीचा पट खातो.

गुणवत्ता कशी मोजायची?

दहावीचा निकाल लागला की शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागतो, 'निकाल ९४ टक्के'. आनंद आहेच. पण या टक्केवारीत काय मोजलं गेलं आणि काय नाही, ते बघा.

समजा, दहा वर्षांपूर्वी पहिलीत ४० मुलं होती. गळत गळत दहावीत १८ पोहोचली. त्यातली १७ पास झाली. निकाल ९४ टक्के. पण सुरुवातीच्या ४० मधून बघितलं तर दहावी पास झालेली १७. उरलेल्या २३ मुलांचं काय झालं, हे कुठल्याच फ्लेक्सवर नसतं. निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांवर काढतात, शाळेत आलेल्यांवर नाही. म्हणून निकालाबरोबर दुसरा प्रश्न विचारायचा, की पहिलीत दाखल झालेल्यांपैकी किती जण दहावीच्या वर्गात पोहोचले?

लहान वर्गांची गुणवत्ता तर दहावीपर्यंत थांबून कळायची नसते. प्रथम संस्थेच्या पुढाकारानं 'असर' हे सर्वेक्षण २००५ पासून ग्रामीण भागात होतं. त्याची पद्धत कुणालाही समजेल अशी आहे. घरी जाऊन मुलाला अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट यांपैकी कुठपर्यंत वाचता येतं ते बघतात. २०२४ च्या असरमध्ये देशातल्या सरकारी शाळांत तिसरीतल्या २३.४ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०१८ मध्ये हे प्रमाण २०.९ टक्के होतं आणि कोरोनानंतर २०२२ मध्ये १६.३ टक्क्यांवर घसरलं होतं. पाचवीतल्या मुलांमध्ये २०२४ चा आकडा ४४.८ टक्के आहे.

या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. एक, परिस्थिती काळजीची आहे. पाचवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही. दोन, २०२२ ते २०२४ या दोनच वर्षांत तिसरीचं वाचन वर आलं, तेही कोरोनाच्या आधीच्या पातळीच्या पुढं. म्हणजे सरकारी शाळा सुधारतच नाही, हे म्हणणं खोटं आहे. वाचनावर नेट लावून काम केलं की फरक पडतो.

याच सर्वेक्षणात पटाचा आकडाही बोलका आहे. ग्रामीण भारतात ६ ते १४ वयाच्या मुलांपैकी सरकारी शाळेत दाखल असलेली मुलं २०१८ मध्ये ६५.६ टक्के होती. कोरोनाकाळात कमाई बंद पडली, छोट्या खासगी शाळाही बंद पडल्या आणि २०२२ मध्ये हा आकडा ७२.९ टक्क्यांवर गेला. २०२४ मध्ये तो पुन्हा ६६.८ वर आला. संकटात मुलं सरकारी शाळेत आली. ती टिकवण्याची संधी होती, पण बहुतेक ठिकाणी आलेल्या मुलांसाठी वाढीव शिक्षक मिळायच्या आतच मुलं परत गेली.

उर्दू की मराठी की इंग्रजी?

हा प्रश्न मोहल्ल्यात वादाचा होतो, म्हणून जरा शांतपणे बघू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे ७५ लाख लोकांनी उर्दू ही मातृभाषा नोंदवली. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी, असं घटनेचं कलम ३५०-अ राज्यांना सांगतं. आरटीईमध्येही शक्य तिथं मातृभाषेतून शिकवण्याची तरतूद आहे. बालभारती उर्दूसह आठ भाषांत पुस्तकं छापते. म्हणजे उर्दू शाळा ही कुणाची मेहेरबानी नाही.

पण कायदा आपल्या बाजूनं असला तरी वर्गातली अडचण संपत नाही. मूल घरी "मेरेकू भूक लगी" म्हणतं आणि पुस्तकात "मुझे" असतं. कोकणात तर घरची बोली मराठीच्या जवळची. म्हणजे पुस्तकी उर्दूही मुलाला शिकावीच लागते. ती पहिल्या दोन वर्षांत पक्की झाली तर पुढची भाषा सोपी जाते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी पुस्तकांतला मजकूर त्यांच्या भाषेत नेला, त्याला क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. साध्या जिल्हा परिषद शाळेत, घरच्या भाषेचा हात धरून हे झालं.

दुसरी अडचण आठवीच्या उंबरठ्यावरची. सात वर्षं जमा, तफरीक, जरब, तकसीम शिकलेलं मूल मराठी हायस्कूलमध्ये जातं आणि फळ्यावर बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार दिसतं. गणित तेच, पण शब्द परके. 'ज़ियाई तालीफ' ज्याला नीट येतं त्याला 'प्रकाशसंश्लेषण' ऐकून वाटतं की हा धडा आपण शिकलोच नाही. मूल हुशार असूनही मागच्या बाकावर जातं आणि सहा महिन्यांत शाळा सोडतं. यावर उपाय शाळा बदलणं हा नाही. पाचवीपासून गणित-विज्ञानाचे शब्द उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत एकाच वहीत लिहून घेणं हा आहे. खर्च एका वहीचा. आणि मराठी चांगली बोलता-लिहिता येणं ही आपल्या मुलांची रोजीरोटीची गरज आहे. कलेक्टर ऑफिसपासून एसटी डेपोपर्यंत सगळा कारभार मराठीत चालतो. उर्दूवर प्रेम करायला मराठीशी वैर धरावं लागत नाही.

वर्षभरात काय, कधी करायचं?

साखळी कळली की ती कुठं धरायची तेही कळतं. सरकारनं करायची कामं सरकारनं करावीत, त्यासाठी भांडावंही. पण काही कड्या मोहल्ल्याच्या हातात आहेत.

मार्च-एप्रिल : मराठी शाळा 'गुढीपाडवा, पट वाढवा' म्हणून दारोदार जातात. आपल्या शाळांनीही याच काळात, किंवा रमजान असेल तर ईदनंतर, सहा वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलांची घरोघर यादी करावी. जुम्याच्या नमाजनंतर मस्जिदीतून दोन मिनिटांचं आवाहन झालं तर शिक्षकांचे दहा फेरे वाचतात. दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही, म्हणून पहिलीचा प्रवेश नाकारता येत नाही, हे पालकांना ठासून सांगावं.

जून-जुलै : मुलाचं नाव सर्वात आधी जन्मदाखल्यावर बघा. तेच नाव, त्याच क्रमानं, त्याच जन्मतारखेसह आधारवर आणि शाळेच्या रजिस्टरमध्ये हवं. चूक असेल तर ती आताच दुरुस्त करा, दहावीचा फॉर्म भरताना नव्हे. मोहल्ल्यातल्या कॉलेजच्या मुला-मुलींनी एका रविवारी शाळेत बसून कागद जुळवून दिले तर मोठं काम होतं.

ऑगस्ट-सप्टेंबर : मुख्याध्यापकांना एकच प्रश्न विचारा, "किती मुलांचं आधार व्हॅलिड नाही?" ती यादी हातात घ्या आणि ३० सप्टेंबरच्या आत शून्यावर आणा. वर्षातलं सर्वात महत्त्वाचं काम हेच, कारण पुढच्या पदांचा हिशेब त्यावर होतो.

दिवाळीच्या आधी : बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांनी शिक्षण हमी कार्ड घ्यावं, किंवा मुलाला नातेवाइकांकडे ठेवता येतं का बघावं.

वर्षभर : शाळा व्यवस्थापन समिती. कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. जिल्हा परिषद आणि नगरपरिषदेच्या शाळांत शाळा विकास आराखडा करण्याचा, पैशाच्या वापरावर लक्ष ठेवण्याचा अधिकार या समितीला आहे. अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांत तिचं काम सल्ल्यापुरतं आहे, तरी प्रश्न विचारायला तिथंही कुणी अडवत नाही. पण बहुतेक ठिकाणी रजिस्टर घरोघर फिरतं आणि सह्या होतात. अम्मी-बहिणींनी बैठकीला स्वतः यावं. बैठकीत तीनच आकडे मागावेत. गणतीतला पट किती, गेल्या महिन्याची सरासरी हजेरी किती, आणि तिसरीतल्या किती मुलांना दुसरीचा धडा वाचता येतो. मंजूर पदं किती आणि भरलेली किती, हे लेखी हवं असेल तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

मुलींसाठी : गावात आठवी नसेल तर शेजारच्या गावी जाण्यासाठी ग्रामीण भागातल्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, अहिल्याबाई होळकर योजनेतून. चार-पाच मुली एकत्र जाऊ लागल्या की पालकांची भीतीही कमी होते. एकेका बापाला समजावण्यापेक्षा चार बापांना एकत्र बसवावं, हे आम्ही अनुभवानं सांगतो. त्याबरोबर सातवीच्या शाळेला आठवीचा वर्ग जोडावा, ही मागणी समितीच्या ठरावासह गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दरवर्षी गेली पाहिजे. तोंडी मागणी फाइलवर येत नाही.

राहिला घरचा भाग. त्याला ना ठराव लागतो, ना ऑफिसचा फेरा. दुसरीचं उर्दू पुस्तक घ्या, नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोबाइलवर मोफत उतरवून घ्या. मुलानं आधी न बघितलेला एक धडा उघडा आणि त्याला मोठ्यानं वाचायला सांगा. आईला उर्दू वाचता येत नसेल तरी मूल अडखळतंय की सरळ वाचतंय, हे ऐकून कळतं. मग विचारा, "यात काय झालं, सांग." दहा मिनिटं पुरे. मूल इंग्रजी शाळेत असेल तर हीच तपासणी इंग्रजी पुस्तकानं करा.

जे दिसेल ते घेऊन शाळेत या. रागावून आलात तरी चालेल, पण या. दोन शिक्षकांच्या शाळेत पाच वर्ग सांभाळणाऱ्या माणसाला कुठल्या मुलाला काय येत नाही हे घरून कळलं तर दुसऱ्या दिवशीचा तास कुठून सुरू करायचा, ते ठरवता येतं. आणि पालक शाळेत येतात हे दिसलं की गटशिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावर त्या शाळेची फाइल जरा वर सरकते, हेही आम्ही बघितलंय.